कापसाच्या खोलीला पडदे

संपादकबाईंचा फोन आला तेव्हा मी एका नव्या नवरीच्या खोलीत स्टुलावर उभी होते. खाली सुतार म्हणत होता, खिडकी इथं संपते तर रॉड इथंच लागेल. मी म्हणत होते, बापा, तू वर लाव. आमचं हे भांडण प्रत्येक खिडकीपाशी होतं आणि प्रत्येक खिडकीपाशी मीच जिंकते. बाई फोनवर म्हणाल्या, "ताई, यंदा अंकासाठी घर सजवण्यावर लिहा. घरच्या घरी करता येईल, पण दिसेल एकदम प्रोफेशनल." मी घाईत हो म्हणाले आणि फोन ठेवल्यावर घाम फुटला. पडदा सांगा, डोळे मिटून शिवून देते. लिहिणं कुठं शिकलो आपण?

तर आधीच सांगून ठेवते. मी बोलते वऱ्हाडी आणि लिहिते शाळेत बाईंनी शिकवलं तसं. मधेच घसरले तर चालवून घ्या.

यवतमाळात लोक मला पडदेवाल्या काकू म्हणतात. सुरुवात खरंच पडद्यांपासून झाली. त्याआधी मी ब्लाउज शिवायची, पण ब्लाउजच्या गिऱ्हाइकाचं समाधान करणं देवाच्या बापालाही जमायचं नाही. बाई जाड होते, बारीक होते आणि दोष मापाला देते. खिडकीचं तसं नाही. खिडकी बिचारी एकदा मोजली की जन्मभर तेवढीच राहते. म्हणून मी खिडक्यांकडे वळले.

पडदे लावायला घरोघरी जायची, तेव्हा दिसायचं की पडदा कितीही गुणाचा असला तरी समोरची भिंत भडक आणि डोक्यावर पांढरीफटक ट्यूबलाइट असली की त्याची सगळी कळा जाते. मला गप्प बसवत नसे. म्हणायची, वहिनी, ते कपाट तिकडं सरकवून पाहा ना. सरकवलं की वहिनी खूश, मी खूश, फक्त कपाट सरकवणारे भाऊजी नाराज. असं करता करता लोक म्हणायला लागले, काकू, पडदे राहू द्या, अख्खी खोलीच करून द्या. आता माझ्या दुकानाच्या पाटीवर इंटिरियर असा शब्द आहे. तो मुलानं लिहिला. मी अजून पडदेवालीच आहे.

बाईंनी युक्त्या मागितल्यात, त्या इथंच देऊन टाकते म्हणजे मी मोकळी. रॉड खिडकीच्या चांगला वर लावा आणि पडदा जमिनीपर्यंत सोडा, बुटकी खोलीही मान वर करते. मधोमध एकच ट्यूबलाइट लावली की घराचं पोस्ट ऑफिस होतं, त्यापेक्षा दोन-तीन छोटे पिवळे दिवे कोपऱ्यांत ठेवा. रंग दुकानातल्या कार्डावर पसंत करू नका. भिंतीवर हातभर पट्टा मारून घ्या आणि तो दुपारी पाहा, मग संध्याकाळी पाहा. आमच्याकडे मे महिन्यात पश्चिमेची भिंत तव्यासारखी तापते, तिला वर केशरी रंग दिला तर त्या खोलीत माणूस काय, पालही थांबत नाही. आणि खोली उभ्यानं पाहू नका. जो तिथं राहणार आहे तो जिथं बसेल तिथं बसा, जिथं डोकं टेकेल तिथं डोकं टेका, आणि मग ठरवा. मुकुटबनच्या एका म्हाताऱ्या आजोबांसाठी त्यांच्या मुलानं टीव्हीची भिंत करून घेतली होती, अगदी सिनेमात असते तशी. आजोबा रुसून बसले. मी त्यांच्या खुर्चीत बसून पाहिलं तर टीव्ही समोर होता, पण रस्ता पाठीमागे गेला होता. खुर्ची अर्धी वळवून दिली. एका डोळ्यानं बातम्या, एका डोळ्यानं येणारे-जाणारे. आजोबांनी मला चहा पाजला आणि मुलाला मात्र दिला नाही.

मोबाइलवर लोक जे फोटो दाखवतात त्यांतल्या खोल्यांत कूलर नसतो, हे तुमच्या लक्षात आलंय का? आमच्याकडे घरातली सगळ्यात चांगली खिडकी कूलरच्या पोटात जाते. त्या फोटोंत धान्याची कोठीही नसते. लोहारा भागातल्या एका मास्तर-मास्तरीण जोडप्याला हॉटेलसारखी बेडरूम हवी होती. मी दिली. पांढऱ्या चादरी, चार उशा, पायथ्याशी आडवा कापडी पट्टा, सगळं. पंधरवड्यानं सहज डोकावले तर कोपऱ्यात गव्हाची कोठी, पलंगाखाली तुरीच्या डाळीचे डबे आणि त्या पट्ट्यावर वाळत घातलेल्या कुरड्या. माझं डोकं फिरलं. मास्तरीणबाई शांतपणे म्हणाल्या, "काकू, हॉटेलवाले वर्षाची डाळ भरतेत काय? आम्ही तं भरतो." तेव्हापासून कोणाचीही खोली करायची असली की आधी विचारते, कोठी कुठं ठेवता. लोक हसतात. हसू द्या.

इतकं शहाणपण असूनही आर्णीजवळच्या एका घरात मी काय केलं, ते आता सांगते.

आर्णीजवळच्या एका गावचे बाबाराव एकदा भर पावसाळ्यात माझ्या दुकानात आले. धोतर नाही, पण टोपी आहे, बोलणं हळू, बोटांना शेतीच्या भेगा. घरची बरी शेती, कापूस, सोयाबीन, बांधाला तूर. पाणी दिलं, प्यायले. चहा दिला, प्यायले. पडद्याचं एकही कापड त्यांनी उलगडून पाहिलं नाही. शेवटी म्हणाले, पोरीसाठी खोली कराची हाय. मी आपली नेहमीच्या ओघात विचारून बसले, लगन जमलं काय? तर म्हणाले, "लगन झालं होतं ताई. लय दिवस निभवलं तिनं. आता नाही निभत. म्या म्हटलं, ये वापस."

मुलीचं नाव वैशाली. तिला आर्णीच्या एका शाळेत नोकरीही मिळाली होती, दिवाळीनंतर रुजू व्हायचं होतं. सध्या ती अमरावतीला मावशीकडे होती आणि मावशीजवळ बोलून गेली होती की आर्णीतच एखादी खोली भाड्यानं पाहीन, बाबांच्या घरात आता माझी जागा नाही. मावशीनं हे बाबारावांना सांगितलं. तेच त्यांच्या जिवाला लागलं होतं.

आता वैशालीचं म्हणणं खोटं नव्हतं, हे मी बाई म्हणून सांगू शकते. मुलीचं लग्न झालं की माहेरच्या घरातली तिची जागा हळूच मिटते. कोणी मुद्दाम मिटवत नाही. भावाचं लग्न होतं, तिच्या खोलीत त्याचा पलंग येतो, तिच्या कपाटात वहिनीच्या साड्या. ती दिवाळीला, अखजीला म्हणजे अक्षय तृतीयेला येते, आईजवळ झोपते आणि बॅग कोपऱ्यात ठेवते. चार दिवसांसाठी तेवढं पुरतं. जन्मासाठी कसं पुरेल?

"तिले वाटलं पाह्यजे का हे खोली तिचीच हाय," बाबाराव म्हणाले. "पाहुणी म्हणून नाही राह्यली पाह्यजे. बाकी तुम्ही ठरवा."

मी खोली पाहायला गेले. ती कापसाची खोली होती.

बाहेरच्या वाचकांना हे सांगावं लागेल. आमच्याकडे दिवाळीच्या आसपास कापसाचा वेचा सुरू होतो. शेतात सीतादही होतं, म्हणजे पहिल्या वेचणीआधी शेताला दहीभाताचा नैवेद्य, आणि मग कापूस गाठोड्यांनी घरी येऊ लागतो. तो लगेच कोणी विकत नाही. भाव चढेल म्हणून घरात ठेवतात. कापूस वजनाला हलका, पण जागा खातो हत्तीची. आणि त्याला पाणी लागलं की संपलं, पिवळा पडतो, मातीमोल होतो. म्हणून घरातली सगळ्यात कोरडी, सगळ्यात पक्की खोली त्याला मिळते. जमिनीपासून छतापर्यंत भरतात, घरातली पोरं वर चढून तुडवून देतात, आणि विकेपर्यंत माणसं उरलेल्या जागेत अंग चोरून झोपतात. अंगाला खाज सुटते, शिंका येतात, कोणी तक्रार करत नाही. कापूस घरात आहे म्हणजे घर भरलेलं आहे, अशी समजूत.

ती खोली बाबाराव मुलीला देत होते. मी विचारलं, मग यंदा कापूस कुठं? त्यांचा मुलगा नितीन बाजूला उभा होता, तो म्हणाला, ठेवू कुठंतरी. बाबारावांनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. कोठी कुठं ठेवता हे विचारणारी मी, कापूस कुठं ठेवाल हे दुसऱ्यांदा विचारलं नाही, कारण खरं सांगू का, ती खोली पाहून माझे हात शिवशिवायला लागले होते. उंच छत, जाड भिंती, उत्तरेचा उजेड. अशी खोली शहरात मिळत नाही.

मी मन लावून काम केलं. भिंतीच्या खडबडीत प्लास्टरमध्ये वर्षानुवर्षांचा कापूस अडकलेला, तो ब्रशनं घासून काढायलाच किती दिवस गेले. एक छोटा झरोका होता, तो वाढवून खिडकी केली. खिडकीतून सीताफळाचं झाड दिसतं. गावच्याच सुताराकडून सागवानी पलंग करून घेतला, मी त्याला म्हटलं, नक्षी नको, कडा फक्त गोल कर. गादी आमच्या रहीमचाचांची. चाचा आणि मी कितीतरी घरांत बरोबर काम केलंय, मी पडदा, ते गादी. बाबारावांनी त्यांच्याच शेतातल्या, गेल्या सालच्या कापसाची सरकी काढून रुई आणून दिली. चाचांनी ती पिंजली आणि मला म्हणाले, "बेटी के लिए है ना, ठूंसके नहीं भरूंगा. बैठी तो जरा अंदर जाना चाहिए, जैसे किसी ने पकड़ लिया." रंगाचं मी वैशालीच्या आईला, कमलबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, तिले जांभळा लय आवडे. मग एका भिंतीला फिका जांभळा दिला, बाकी तिन्ही पांढऱ्या. खादीचे पडदे, खाली सुती सतरंजी, टेबल, टेबलावर छोटा दिवा, शाळेच्या वह्या तपासायला.

सांगू? माझ्या हातून इतकी सुंदर खोली कधी झाली नव्हती. गावातल्या बाया पाहायला आल्या. चप्पल बाहेर काढून, पदर सावरून आत यायच्या, हात लावायच्या नाहीत. मला तो मान वाटला.

वैशाली आली त्या दिवशी बाबारावांनी मला मुद्दाम बोलावलं होतं. पोरगी दिसायला आईसारखी, सावळी, बोलायला गोड. खोली पाहून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "काकू, लय छान केली हो," म्हणाली. वडिलांना म्हणाली, एवढं कायले केलं बाबा? पलंगावर बसली, गादी जरा आत गेली, ती हसली. मग उठली आणि उठल्या उठल्या चादर दोन्ही हातांनी सारखी केली.

ते माझ्या नजरेनं तेव्हाच टिपलं. या धंद्यात माणूस कसा बसतो यापेक्षा कसा उठतो हे पाहायला शिकले मी. घरचा माणूस उठतो आणि चालायला लागतो. चादर सारखी करतो तो पाहुणा. पण बाकीचे सगळे इतके आनंदात होते, कमलबाई तर आल्या-गेल्याला साखर देत होत्या, की मी ते मनातच ठेवलं.

दिवाळी झाली. वेचा सुरू झाला. एक दिवस बाबारावांचा फोन आला. आधी इकडचं तिकडचं बोलले, सोयाबीन बरं झालं वगैरे. मग म्हणाले, ताई, त्या खोलीत काही कमी राह्यलं काय? मी विचारलं, काय झालं? त्यांना नीट सांगता येईना. पोरगी चांगली राहते म्हणाले. लय चांगली राहते. सकाळी उठून आधी स्वतःचं ताट घासते. पंखा लावायचा तर विचारते, लावू काय. शाळेतून आली की आईला म्हणते, मी करते, तुम्ही बसा. आईला तुम्ही म्हणते. आणि शाळेतल्या एका मास्तरणीसोबत आर्णीत भाड्याची खोली पाहून आली, हे त्यांना बाहेरून कळलं होतं. घरात ती काहीच बोलली नव्हती.

"अजून काही लावाचं असन तं लावा ताई," ते म्हणाले. "आरसा मोठा लावू काय? तुम्ही म्हणान ते करू. पण तिले इथं करमलं पाह्यजे."

त्या माणसाला वाटत होतं की एखादी वस्तू कमी पडली आहे, आणि ती लावली की मुलगी राहील. मी म्हटलं, येते मी.

गेले ती संध्याकाळची वेळ होती. बरोबर एक मोठा आरसा होता, कारण रिकाम्या हातानं जायची लाज वाटली. आभाळ भरून आलं होतं. कापसाच्या दिवसांत असं आभाळ आलं की आमच्याकडे माणसं बोलायची थांबतात. अंगणात पाय ठेवला आणि मला सगळं दिसलं.

अंगणाच्या मधोमध कापसाचा ढीग होता, ताडपत्रीनं झाकलेला, कडांना दगड. पडवीत कापूस. मधल्या खोलीत कापूस, छतापर्यंत, आणि त्याच्या पायथ्याशी जेमतेम एक वाकळ अंथरण्याएवढी जागा, तिथं बाबाराव आणि कमलबाई झोपायचे. नितीनच्या खोलीतही अर्ध्यावर कापूस, त्याची बायको नाकाला पदर लावून शिंकत होती. आणि या सगळ्या गर्दीत एक दार उघडं, आत फिकी जांभळी भिंत, खादीचे पडदे, एक काडी इकडची तिकडे नाही. वैशाली तिथं राहत होती. म्हणजे रोज रात्री आई-बाप, भाऊ-भावजय कापसाच्या खाचेत झोपायचे आणि ती एकटी त्या मोकळ्या, स्वच्छ खोलीत. त्या खोलीत तिला झोप तरी कशी लागत असेल? आणि कोणी तिला एका शब्दानं बोललं नव्हतं. तेच तर वाईट होतं. घरच्या मुलीला बोलतात हो.

मी आरसा तसाच भिंतीला टेकवून ठेवला. आता तो कोणाला दाखवणार?

कमलबाई चहा ठेवायला उठल्या आणि टपकन एक थेंब पत्र्यावर पडला. मग दुसरा. नितीन ओरडला, ताडपत्री फाटकी आहे, उचला. सगळे धावले. मीही पदर खोचून धावले, काय करणार? गाठोडी बांधायची आणि न्यायची, पण न्यायची कुठं? घरात तर जागा उरली नव्हती. शेजाऱ्यांनी हाक मारून त्यांची पडवी दिली, तर नितीन आणि बाबाराव गाठोडी डोक्यावर घेऊन अंगण ओलांडून तिकडे पळू लागले. प्रत्येक फेरीला वैशालीच्या उघड्या दारासमोरून जायचे. आत कोणी पाहतही नव्हतं. ती खोली जणू त्या घरातली नाहीच.

तेवढ्यात वैशाली शाळेतून आली. स्कूटी फाटकात लावली आणि तिनं पाहिलं. बाप डोक्यावर गाठोडं घेऊन तिच्या दारावरून पुढे पळतोय.

ती त्यांच्या आडवी उभी राहिली. म्हणाली, बाबा, तिकडं कुठं नेता? इथं टाका. बाबाराव म्हणाले, नाही बेटा, तुह्या खोलीत नाही, खोली खराब होईन. ती म्हणाली, होऊ द्या. ते बाजूनं निघू लागले, तशी तिनं त्यांच्या डोक्यावरच्या गाठोड्याला हात घातला.

"बाबा, मी आल्यापासून कापूस घराबाहेर हाय," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण गाठोडं तिनं सोडलं नाही. "आई खाली झोपते, वहिनी शिंकून राह्यली, अन् मी आतमध्ये जांभळी भिंत पाहत पडून राहतो. मले रातभर झोप नाही येत. पाहुण्याच्या खोलीत कोणी कापूस भरत नाही, घरच्याच्या खोलीत भरतेत. मी कोण हाओ ते सांगा एकदाचं. नाही तं मी आर्णीले जातो."

बाबाराव उभेच राहिले. टोपीवर थेंब पडत होते. मग त्यांनी कोणाकडे पाहावं? माझ्याकडे. जणू खोली माझी होती आणि मी हो म्हटलं तरच कापूस आत जाणार होता. आयुष्यात मला इतकं ओशाळल्यासारखं कधी झालं नाही, आणि त्या माणसाबद्दल इतकी मायाही कधी वाटली नाही. मी आत गेले आणि सतरंजी गुंडाळायला घेतली.

मग जे झालं ते पाहायला पाहिजे होतं. वैशालीनं पदर खोचला, मी आणि तिनं मिळून पलंग भिंतीकडे ढकलला. मी स्टुलावर चढून खादीचे पडदे काढले, ते काढताना मात्र थोडं दुखलं, खोटं कशाला सांगू. कमलबाईंनी टेबल बाहेर नेलं, तर वैशाली म्हणाली, आई, तू कायले उचलतं, राहू दे तिथंच, वह्या तपासाच्या हायेत माह्या. कमलबाई टेबल हातात धरून तशाच थांबल्या. तुम्ही नाही, तू म्हणाली होती. त्यांनी टेबल परत जागेवर ठेवलं आणि तोंड फिरवून डोळे पुसले.

नितीननं पहिलं गाठोडं दारातूनच आत फेकलं. पांढरा कापूस फरशीवर सुटला. दुसरं, तिसरं. कोपऱ्यातून ढीग वर चढू लागला. वैशाली लहानपणी करत असेल तशी ढिगावर चढली आणि तुडवायला लागली, नितीनची बायको हसत हसत तिच्या मागोमाग चढली. दोघींच्या केसांत कापूस. पट्टे मारून मारून पसंत केलेली माझी फिकी जांभळी भिंत खालून वर झाकली जात होती. मी दाराशी उभी राहून पाहत होते. हातभर रंग शिल्लक राहिला, वरच्या बाजूला, छताजवळ. पलंगावरून तेवढा दिसत होता.

पाऊस फार आला नाही, शिंतोडून गेला. पण अंगणात चिखल झाला होता. नितीन शेवटचं गाठोडं घेऊन तसाच, चिखलाच्या पायांनी, सरळ आत शिरायला लागला. वैशाली ढिगावरून खाली आली आणि त्याच्यावर कडाडली.

"नित्या, पाय पुसून ये. माही खोली हाय हे, रस्ता नाही."

नितीन दचकून मागे झाला. "व माय, आली ही," असं काहीतरी पुटपुटला आणि हसायला लागला. कमलबाई स्वयंपाकघरातून हसल्या. मी बाबारावांकडे पाहिलं. ते नितीनच्या मागेच होते, रिकाम्या हातानं. आत जायचं त्यांना काही कारण नव्हतं. पण ते पुढे आले, दाराशी टाकलेल्या पोत्याच्या तुकड्यावर उभे राहिले आणि आपले दोन्ही पाय पुसायला लागले. आधी उजवा, मग डावा, टाचा, बोटांच्या फटी. पाय कधीच स्वच्छ झाले होते. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसत होते आपले पायच.